पहिली बादली

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, नागपुरात,
शहाणा माणूस बिअर करायला बसत नाही.
मी बसलो.

इतवारीतल्या दुकानदाराने जव मोजता मोजता विचारलं,
"शुगर निघाली का जी घरी कोणाले?"
"हो, मला," म्हणालो.
अगदीच खोटं नव्हतं ते.
साखर काढायचीच होती मला,
फक्त रक्तातून नाही, दाण्यातून.

बाथरूममध्ये ओलं पोतं अंथरलं.
तिसऱ्या दिवशी जवाला पांढऱ्या मिशा फुटल्या.
प्रणिता चार दिवस मोरीत अंघोळ करत होती
आणि माझ्याशी फक्त गॅस सिलिंडरबद्दल बोलत होती.
वाळायला गच्चीवर दीड दिवस पुरला.
इथल्या उन्हाला भट्टी लागत नाही.

मग रविवार.
कॉलेजातून आणलेला थर्मामीटर, लग्नात आलेलं मोठं पातेलं,
पासष्ट अंश, तासभर.
बशीत एक थेंब काढून वर आयोडीन टाकलं.
निळा-काळा.
निळा म्हणजे पिष्ट, हे एकोणीस वर्षं
मी अकरावीच्या पोरांना सांगतोय,
पण असा बशीवर वाकून
कधी वाट पाहिली नव्हती रंगाची.
सातव्या थेंबाला तो तपकिरीच राहिला.
मी वळून पाहिलं.
टाळी द्यायला स्वयंपाकघरात कुणी नव्हतं,
कुकर होता.

हॉप्स कुरिअरने आले, चांदीच्या चिमुकल्या पाकिटात.
प्रणिताने हुंगलं. "कडूनिंब, अन् संत्र्याची साल.
दोन्ही दारात आहेत आपल्या. हे पैसे देऊन आणलं?"

कॉटन मार्केटातून बर्फाची लादी आणली, पोत्यात गुंडाळून.
घरी पोचेपर्यंत निम्मी स्कूटरवरून रस्त्यावर सांडली.
उरलेल्या निम्म्यात पातेलं बसवलं,
काढा बादलीत ओतला, वर यीस्ट भुरभुरलं,
झाकणाला भोक, भोकात नळी, नळीचं टोक पाण्यात.

यीस्टला वीस अंश लागतात.
बाहेर चव्वेचाळीस.
घरात कूलर एकच.

म्हणून हॉलमध्ये, खसच्या वाऱ्यात, अंगावर ओला टॉवेल घेऊन बादली
आणि आतल्या खोलीत पंख्याखाली आम्ही दोघं.

हेडाऊकाका पेपर मागायला आले.
"काय ठेवून राहिले जी तिथं?"
"लोणचं."
"कूलरसमोर?"
"हो."
काका बराच वेळ बादलीकडे पाहत राहिले.
"लय लाडाचं दिसते."

पहिली रात्र गेली. काही नाही.
दुसरी दुपार. नळीचं टोक पाण्यात मुकाट.
मी झाकणाला हात घातला तशी
प्रणिता दारातून म्हणाली,
"दर घंट्याला उघडून पाहिलं तर इडलीचं पीठ तरी येते का?"

आंबणं आणि नासणं
यांच्यामध्ये नेमकं काय असतं, मला माहीत होतं.
फळ्यावर लिहून दाखवता येईल इतकं माहीत होतं.
तरी त्या रात्री अंधारात पडून
मी नाकाने घर चाचपत होतो.

अडीचला लाईट गेली.
कूलर घरघरून थांबला, आणि त्या शांततेत
हॉलमधून आवाज आला:
गुडुप.
बराच वेळाने आणखी एक.
मी उठलो तर
टॉवेल नुकताच पिळून घातलेला,
फरशीवर थेंबांची ओळ मोरीपर्यंत,
आणि प्रणिता झोपलेली, किंवा तशी पडलेली.

तेरा बाटल्या झाल्या.
एक फुटली; काकांना वाटलं कूलरची मोटर गेली.
दुसरी उघडली. फेस बोटभर.
चव ओल्या पुठ्ठ्याची,
मग जरा हिरव्या सफरचंदाची,
आणि अगदी शेवटी, गिळून झाल्यावर, जवाची.
प्रणिताने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं,
ग्लास खाली ठेवला नाही.

वहीत लिहिलं: बाटल्या नीट उकळणे.
साखर कमी. मे महिन्यात करू नये.

दोन किलो जव उरले होते.
सोमवारी सकाळी बाथरूमचं दार ढकललं
तर आत ओलं पोतं अंथरलेलं,
दाणे एकसारखे पसरलेले,
माझ्यापेक्षा पातळ.
प्रणिता शाळेत गेली होती.

मी बादली उचलून मोरीत गेलो.